सुकाणू, कर्णधार आणि तांडेल

‘सुकाणू’ हा शब्द मराठीत आज पाण्यापेक्षा जमिनीवरच अधिक ऐकू येतो. संस्थेचे सुकाणू कोणाच्या हाती गेले, पक्षाचे सुकाणू कोणी सोडले, अशा वाक्यांत होडीची आठवण वाचकाला क्षणभरही होत नाही. जून 2017 मध्ये पुणतांब्याहून सुरू झालेल्या शेतकरी संपाच्या वेळी शेतकरी संघटनांची ‘सुकाणू समिती’ स्थापन झाली. समुद्रापासून इतक्या दूर घडलेल्या आंदोलनात या नावातले खारे पाणी कोणाला जाणवण्याचे कारणच नव्हते. रूपक मरते ते असे. मात्र मरताना ते मूळ व्यवहारातले काय बरोबर नेते आणि काय मागे टाकते, हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही.

त्याचे उत्तर उल्हास नदीच्या मुखाशी, कल्याण आणि ठाण्याच्या खाड्यांत शोधावे लागते. पेरिप्लसच्या अनामिक ग्रीक लेखकाला पहिल्या शतकातले कल्याण ‘कल्लिएना’ या नावाने ठाऊक होते; तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही तो नोंदवतो. त्या जहाजांवर सुकाणू धरणाऱ्याला ग्रीक शब्द होता ‘कुबेर्नेतेस’. लॅटिनमध्ये जाऊन त्याचा ‘गुबेर्नातोर’ झाला आणि त्यातूनच पुढे ‘गव्हर्नर’ निघाला. नॉर्बर्ट वीनरने 1948 मध्ये ‘सायबरनेटिक्स’ हे शास्त्राचे नाव घडवले तेही त्याच ग्रीक शब्दावरून. गव्हर्नर या शब्दाच्या पूर्वजाने कल्याणच्या खाडीत पहाऱ्याखाली उभे राहावे, हा योगायोग गमतीचा खरा.

संस्कृत परंपरेतही हेच स्थलांतर घडले आहे, पण तेथे एक भेद स्पष्ट दिसतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील नावध्यक्षाच्या प्रकरणात मोठ्या नौकेवर ‘शासक’ आणि ‘नियामक’ हे दोन वेगळे पुरुष सांगितले आहेत. हुकूम एकाचा, दिशा राखणारा हात दुसऱ्याचा. पालीतला ‘निय्यामक’ तोच. सुप्पारक जातकातला निय्यामक, ज्याचे नाव सोपाऱ्याच्या नावाशी जुळते, खाऱ्या पाण्याने दृष्टी गेल्यावरही जहाज सुखरूप आणतो. म्हणजे त्याची प्रतिष्ठा अधिकारातून येत नाही, पाण्याच्या ज्ञानातून येते. आज ‘शासक’ आणि ‘नियामक’ दोघेही किनाऱ्यावर आले आहेत. विद्युत नियामक आयोग किंवा महाविद्यालयाचे नियामक मंडळ म्हणताना या शब्दाच्या हातात एकदा वल्हे होते, हे कोणी सांगितले तरच आठवते.

‘कर्णधार’ या शब्दातला ‘कर्ण’ म्हणजेही सुकाणूच. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील जहाजाला मागच्या अंगाला, बाजूने, सुकाणूची वल्ही लावलेली दिसतात. कानाची उपमा अशा रचनेवरून सुचली असावी. नौकेच्या मागच्या टोकाशी मधोमध बसवलेले सुकाणू हे नंतरचे तंत्र असून, 1237 मध्ये बगदाद येथे चितारलेल्या हरीरीच्या ‘मकामात’च्या पोथीत ते स्पष्ट दिसते. मराठीतला ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’वरून आला. ज्या धातूचा अर्थ स्थिर होणे, त्याच्याशी अरबी कोशकार हा शब्द जोडतात. हाच शब्द मल्याळममध्ये ‘चुक्कान’ झाला, गुजरातीत ‘सुकान’ झाला, आणि स्वाहिलीतल्या ‘उसुकानी’त तर मोटारीचे चाकही आले. मराठीने मात्र मोटारीला सुकाणू दिले नाही. कल्याण-डोंबिवलीतला रिक्षावालाही ‘स्टेअरिंग’च म्हणतो. समिती चालवायला सुकाणू, गाडी चालवायला स्टेअरिंग, अशी ही वाटणी झाली आहे; प्रत्यक्ष वळवण्याचे काम जिथे आहे तिथेच हा शब्द नाही.

या पार्श्वभूमीवर नौकेवरील माणसांची नावे तपासण्याजोगी आहेत. फार्सी ‘नाखुदा’ म्हणजे नौकेचा स्वामी. हिंदी महासागराच्या व्यापारात तो पुष्कळदा मालक किंवा मालकाचा प्रतिनिधी असे, आणि मार्ग काढण्याचे काम ‘मालमा’चे असे. मराठीत त्याचा ‘नाखवा’ झाला. इंग्रजांच्या जहाजांवरचा ‘सीकनी’ म्हणजे ‘सुकानी’ हा वरिष्ठांच्या हुकमानुसार सुकाणू फिरवणारा पगारी खलाशी होता. गुजराती वृत्तपत्रांनी त्याच ‘सुकानी’ला क्रिकेट संघाचे नेतृत्व दिले. मराठी वृत्तपत्रांनी तो मान संस्कृत ‘कर्णधारा’ला दिला. ही निवड निव्वळ भाषाशुद्धीची नाही. मराठी गद्याने अरबी उपकरण घेतले, संस्कृत पुरुष घेतला, आणि कोळीवाड्यातला ‘तांडेल’, जो मासेमारीच्या होडीवर हुकूमही देतो आणि पाणीही ओळखतो, तो बाहेरच ठेवला.

यामागे इतिहासही आहे. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर शिवाजीमहाराजांच्या आरमाराची पहिली बांधणी याच खाडीत झाली; ‘आरमार’ हा शब्द मुळात पोर्तुगीजांकडचा, आणि त्या कामावर काही काळ पोर्तुगीज कारागीरही होते. पुढे आज्ञापत्राने आरमाराला स्वतंत्र राज्यांग मानले. परंतु 16 एप्रिल 1853 रोजी रेल्वे ठाण्यापर्यंत आणि 1 मे 1854 रोजी कल्याणपर्यंत आली. त्यानंतर या गावांत वाढलेल्या लिहित्या-वाचत्या मध्यमवर्गाचे तोंड रुळांकडे राहिले, खाडीकडे पाठ. होड्या राहिल्या त्या मासेमारीच्या आणि रेतीच्या. मुंब्रा आणि कल्याणच्या ‘रेतीबंदर’ या नावांत त्यांची खूण आहे. समितीचे सुकाणू धरणाऱ्याला लाकडी सुकाणूचा भार आता हाताने माहीत नव्हता. म्हणून तर कौटिल्याने वेगळे ठेवलेले शासक आणि नियामक ‘सुकाणू हाती घेणे’ या एका वाक्प्रचारात बेमालूम एक झाले. लाटेला उत्तर देण्याचे कौशल्य गळले, मालकी तेवढी उरली.

फेब्रुवारी 2017 मध्ये, संपाच्या चार महिने आधी, नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले. यजमान होता आगरी यूथ फोरम. खाडीकाठच्या एका समाजाच्या संस्थेने साहित्याला आपल्या अंगणात बोलावले, ही घटना लहान नव्हे. त्या खाडीकाठी ‘तांडेल’ हा शब्द आडनाव म्हणून दारांवरच्या पाट्यांत आजही भेटतो. वैचारिक मराठी गद्याने मात्र त्याला रूपक म्हणून क्वचितच जवळ केले आहे.