दोन केबलांची वाटणी

दोन गीगाबिटच्या केबल एकत्र बांधल्या की दोन गीगाबिट मिळतात, असं विकणारा सांगतो. वापरणारा एक मोठी फाइल कॉपी करायला लावतो आणि ती एका गीगाबिटच्या वर हलत नाही. मग तक्रार माझ्याकडे येते, कारण सर्व्हर रूम माझ्याकडे आहे. यावर कुठलंही बटण दाबून उपाय होत नाही. तीसेक वर्षांपूर्वी काही माणसांनी समजून-उमजून एक सौदा केला, त्याची ही किंमत आहे.

सुरुवात कॅलिफोर्नियात झाली. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी तिथे ‘कल्पना’ नावाची कंपनी काढली होती. नाव भारद्वाजांच्या पत्नीचं. १९९० च्या सुमारास या कंपनीने सात पोर्टचा इथरनेट स्विच बाजारात आणला. त्याआधी ऑफिसातली सगळी यंत्रं एकाच १० मेगाबिटच्या वाटेवर एकमेकांना थांबवत असत. स्विच आल्यावर प्रत्येक पोर्टला स्वतःचे १० मेगाबिट मिळाले आणि लगेच नवी अडचण उभी राहिली: दोन स्विचना जोडणारी केबलही १० चीच. १०० मेगाबिटचं मानक १९९५ साली आलं, तोवर थांबायला कुणाला वेळ होता? कल्पनाने दोन स्विचमध्ये एकाऐवजी अनेक केबल टाकून त्यांची एकच लिंक असल्याचं भासवलं आणि त्याला इथरचॅनल म्हटलं. १९९४ साली सिस्कोने कंपनीच विकत घेतली. पुढे शंभरीच्या चार केबल बांधून ‘८०० मेगाबिट’ अशी जाहिरात झाली. त्यात जाणं आणि येणं दोन्ही मोजलेलं असायचं. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड आहे.

आता वाटणीकडे येऊ. डेटाचा पहिला तुकडा, म्हणजे फ्रेम, पहिल्या केबलवर, दुसरी दुसऱ्या केबलवर, असं आळीपाळीने पाठवलं तर हिशेब अगदी सारखा होईल. पण फ्रेम लहान-मोठ्या असतात, एका केबलवर रांग लांब असते, दुसरी रिकामी असते. एका वऱ्हाडाची माणसं दिसेल त्या एसटीत चढवली, तर वाजंत्री पोचतात आणि नवरदेव मागे राहतो, तसं होतं. फाइल पोचवणाऱ्या टीसीपी या प्रोटोकॉलला क्रम चुकलेला खपत नाही. मागची काही पॅकेट आधी पोचली की पलीकडचं यंत्र तीच ती पोच पुन्हा पाठवतं. अशा तीन जादा पोच आल्या की पाठवणारा समजतो, मधलं पॅकेट हरवलं. न हरवलेलं पॅकेट तो पुन्हा पाठवतो आणि वर स्वतःचा वेगही कमी करतो.

आळीपाळीचा मार्ग कुणी घेतलाच नाही असं नाही. १९९४ साली नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साध्या ४८६ यंत्रांचा बेओवुल्फ संगणक जोडला, तेव्हा १० मेगाबिटची दुहेरी कार्डं आळीपाळीनेच वापरली. लिनक्समधलं बाँडिंग बेकरच्या त्या कामातून आलं, आणि काही ठरवून दिलं नाही तर ते आजही आळीपाळीनेच वाटतं. नवख्या माणसाला हे माहीत नसतं.

स्विचवाल्यांनी मात्र क्रम राखला आणि समानता सोडली. पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या पत्त्यांचे शेवटचे बिट घ्यायचे, त्यांचा एक्सऑर करायचा (बिट सारखे तर शून्य, वेगळे तर एक), येईल त्या क्रमांकाच्या केबलवर ती जोडी कायमची बसवायची. दोन केबल असतील तर एकच बिट पुरतो. एका संभाषणाला एकच केबल मिळते. दुसरी रिकामी असली तरी तिकडे जायचं नाही.

याचा एक नमुना माझ्या पाहण्यातला. दोन स्विचमध्ये दोन केबल, एकीकडे सर्व्हर, दुसरीकडे बॅकअपचं यंत्र. रात्री बॅकअप सुरू झाला की एक केबल तुडुंब आणि दुसरीचा काउंटर जेमतेम हलायचा. सर्व्हरची कार्डं दोन-दोन पोर्टची होती आणि त्यांचे मॅक पत्ते लागोपाठचे: पहिल्या पोर्टचा सम, दुसऱ्याचा विषम. केबल लावणाऱ्याने नीटनेटकेपणाने सगळीकडे पहिलंच पोर्ट वापरलं होतं. बॅकअपच्या यंत्राचा पत्ताही सम. समावर सम, उत्तर दर वेळी शून्य. स्विच जुना होता, तो नुसते मॅक पत्ते बघायचा. हिशेब आयपी पत्त्यांवर करायला सांगितल्यावर दुसरी केबल कामाला लागली.

असंच काहीसं तीन केबलांचं होतं. अनेक सिस्को स्विचमध्ये हिशेबाचं उत्तर आठ खान्यांत पडतं आणि खाने केबलांना वाटले जातात. दोन, चार, आठ केबल असतील तर ठीक. तिघींच्या वाट्याला तीन, तीन, दोन येतात. तिसरी केबल विकत घेणाऱ्याला हे आधी सांगावं, नंतर सांगितलं तर चिडतो.

२००० साली ८०२.३एडी हे मानक आलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच एकमेकांशी बांधता येऊ लागले. वाटणीचं सूत्र मात्र त्यात ठरवलेलं नाही, ते प्रत्येक कंपनीवर सोडलं. अट एवढीच की एका संभाषणातल्या फ्रेमचा क्रम मोडता कामा नये. संभाषण एका केबलवरून दुसरीवर हलवायचंच असेल तर त्यासाठी मार्कर नावाची खुणेची फ्रेम आहे. जुन्या केबलवर ती शेवटी पाठवायची, पलीकडून तिचं उत्तर आलं की आधीचं सगळं पोचलं असं धरायचं आणि मगच नव्या केबलवर सुरुवात करायची. मला ही तरतूद मानकातली सगळ्यात सभ्य गोष्ट वाटते. २००८ पासून हे सगळं ८०२.१एएक्स या क्रमांकाखाली आहे.

आता एआयच्या यंत्रांनी सौदा पुन्हा उघडला आहे. तिथे संभाषणं मोजकी आणि प्रत्येक अवाढव्य, त्यामुळे पत्त्यांच्या हिशेबाने काही केबल भरून वाहतात आणि काही कोरड्या राहतात. २०२३ मध्ये स्थापन झालेल्या अल्ट्रा इथरनेट कन्सोर्टियमने २०२५ मध्ये पहिलं मानक दिलं. त्यात एकाच संभाषणाची पॅकेट अनेक वाटांनी उधळायची मुभा आहे. ती उलटसुलट पोचली तरी घेणारं कार्ड प्रत्येकाला मेमरीत त्याच्या जागी ठेवतं. त्यासाठी कार्डं तशी लागतात, आणि आमच्या रॅकमधली तशी नाहीत. तेव्हा एका फाइलला दोन गीगाबिट हवे असतील, तर मी अजूनही दहा गीगाबिटची एक केबल घ्या असंच सांगतो.