कुरुंद्याचा पाऊस ठरतो पूर्वेच्या समुद्रात

हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यातले कुरुंदा हे गाव गोदावरीच्या खोऱ्यात मोडते. त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी ही १,४६५ किलोमीटर लांबीची नदी सुमारे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटर प्रदेशाचे पाणी वाहून नेते. तिचा उगम अरबी समुद्राच्या इतक्या जवळ असूनही मराठवाड्याच्या पावसाचा निर्णय बव्हंशी बंगालच्या उपसागरात होतो.

नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्री चढताना बाष्पाचा मोठा वाटा घाटमाथ्यावरच रिता करतात. पठारावर उतरणारी हवा तापते आणि कोरडी होते. ही पर्जन्यछाया पूर्वेकडे विरळ होत जाते. म्हणूनच बीडपेक्षा हिंगोली, नांदेडला पाऊस अधिक. ही भर घालतात ती उपसागरात जन्मणारी कमी दाबाची क्षेत्रे. राजस्थानपासून उपसागरापर्यंत पसरलेल्या मान्सूनच्या आसालगत ती ओडिशा, छत्तीसगडमार्गे वायव्येकडे सरकतात. त्यांचा सर्वाधिक पाऊस केंद्राच्या नैर्ऋत्येस पडतो; त्यामुळे केंद्र विदर्भ किंवा मध्य प्रदेशावर असले, की पूर्व मराठवाडा भिजतो. मार्ग शे-दोनशे किलोमीटर उत्तरेला ढळला, तर तेच ढग दुसऱ्याच खोऱ्यावर बरसतात. आस हिमालयाच्या पायथ्याशी गेल्यास तराईत पूर येतात आणि इकडे उघडीप पडते. जुलै २००२ मध्ये अशा दीर्घ खंडामुळे देशातील पाऊस सरासरीच्या जवळपास निम्म्यावर आला होता.

या साऱ्यावर दूरच्या प्रशांत महासागराचीही छाया असते. एल निनोच्या वर्षी तेथील ऊर्ध्वगामी हवेचा प्रवाह पूर्वेकडे सरकतो, भारतावर हवा खाली दबते आणि ढग वाढू शकत नाहीत. १९७२ आणि २०१५ या दुष्काळी वर्षांत एल निनो होता. मात्र हे समीकरण सरळ नाही. १९९७ मध्ये प्रबळ एल निनो असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागराचा पश्चिम भाग त्या वर्षी अधिक तापलेला होता, हे त्याचे एक कारण मानले जाते.

ला निनाच्या २०२२ मध्ये जुलैत कुरुंद्यात पुराचे पाणी शिरले. ला निना हंगामात अधिक पावसाची शक्यता वाढवतो. एखाद्या रात्रीची अतिवृष्टी मात्र त्या वेळच्या आसावर, जवळच्या कमी दाबावर आणि स्थानिक ढगांवर ठरते. हळदीच्या या पट्ट्यातील शेतकऱ्याला हंगामाच्या सरासरीपेक्षा पावसातील खंड अधिक छळतो. तीस ते साठ दिवसांच्या आवर्तनाने विषुववृत्तावरून पूर्वेकडे सरकणाऱ्या ढगांच्या लाटेवरून अशा खंडांचा अंदाज दोन-तीन आठवडे आधी बांधता येतो.