हाड बसवणाऱ्या हाताची कुळकथा

परभणी जिल्ह्यातल्या खेड्यात कुणाच्या कंबरेत उसण भरली की दवाखान्याच्या आधी पायाळू आठवतो. पायाकडून जन्मलेला तो पायाळू. पोतं उचलताना किंवा कबड्डीत पकड करताना चमक निघाली, माणसाला वाकता येईना, शिंक आली तरी डोळ्यांत पाणी उभं राहायला लागलं, की त्याला पालथं निजवतात. पायाळू आपली टाच दुखऱ्या जागेवर टेकवतो, अंगाचा भार हळूहळू त्या पायावर आणतो आणि दोन-तीनदा दाबून काढून घेतो. कुठे कुठे भिंतीला हात टेकून उभं करून पाठीमागून हलकी लाथ मारायची पद्धत आहे. माणूस उठतो, कंबर चाचपतो आणि बहुतेक वेळा म्हणतो, 'जरा मोकळं वाटतंय.'

ही समजूत आपल्याच मुलखाची, असं आपण धरून चालतो. वॉल्टर ग्रेगर यांनी १८८१ साली स्कॉटलंडच्या ईशान्य भागातल्या लोकसमजुतींवर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. पायाकडून जन्मलेल्या माणसाने चोळलं किंवा तुडवलं की लचक, कंबरदुखी, संधिवात बरा होतो आणि सगळा गुण त्याच्या पायांतच असतो, हे तिथेही नोंदवलेलं आहे. जन्म कसा झाला यावरून टाचेत गुण येत नाही, हे उघड आहे. पण आखडलेल्या स्नायूवर सावकाश भार आला की तो काही वेळ सैल पडतो. शिवाय साधी उसण बरेचदा थोड्या दिवसांत आपोआपच उतरते, आणि त्याचं श्रेय मधल्या काळात जो हात किंवा पाय लागला असेल त्याला मिळतं. दोन्ही देशांत लोकांनी जे पाहिलं ते खरंच होतं, कारण मात्र चुकीच्या जागी शोधलं.

लोकांच्या हातातला हा उपाय विद्येच्या पदाला पोचला तो तालमीत. आपल्याकडे हैदराबादपासून मराठवाड्यापर्यंत निखळलेला खांदा बसवणाऱ्याला लोक 'पहलवान' म्हणतात. दुकानावरची पाटीसुद्धा पहलवानाच्या नावाची असते, मग त्याने उभ्या जन्मात फड मारलेला असो वा नसो. हाड बसवणारा आणि कुस्ती शिकवणारा माणूस एकेकाळी एकच होता, याचा हा सरळ पुरावा.

त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. तालमीत रोज काही ना काही मुरगळतं. मनगट लचकतं, बोट उतरतं, ढाक बसली की खांदा जातो, मान आखडते. काळ्या रानाच्या या जिल्ह्यात हौद्यात मात्र तांबडी मातीच लागते, कारण काळी भिजली की चिकटते आणि वाळली की दगड होते. ती तांबडी माती ताक, लिंबू, तेल, हळद घालून मऊ केलेली असते, तरी पडणं ते पडणंच. अशा ठिकाणी वस्ताद रोज शेकडो सांधे हलताना बघतो. धडधाकट खांदा कसा फिरतो हे त्याच्या नजरेत इतकं मुरलेलं असतं की बिघडलेला खांदा त्याला लांबून ओळखू येतो.

मेहनत संपल्यावरची मालीश पाहावी. पट्ठा पालथा पडतो. जोडीदार तेलाचा हात घेऊन घोट्यापासून सुरुवात करतो आणि पोटरी, मांडी करत वर सरकतो, दाब नेहमी हृदयाच्या दिशेने. पाठीवर आला की अंगठे मणक्यावर ठेवत नाही, मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या पन्हाळीतून नेतो. जिथे गाठ लागते तिथे थांबतो, खालच्याला श्वास सोडायला लावतो आणि श्वास सुटतानाच दाबतो. मग एखादं हलक्या अंगाचं पोर पाठीवर चढून पावलांनी तुडवतं. कधी कधी पाठीत कट् असा आवाज होतो. त्यावर कुणी काही बोलत नाही, तो आवाज काढण्यासाठी ही मालीश नसते. शेवटी पट्ठा उलटतो आणि दोन बैठका मारून दाखवतो. वस्तादाचं लक्ष त्या दोन बैठकांवर असतं. गुडघा सरळ आला का, कंबर एका अंगाला कलते का, हे त्याला बघायचं असतं.

या रीतीचं मूळ या मातीत किती खोल जातं, ते सांगणारा ग्रंथ परभणीपासून फार लांब लिहिला गेलेला नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. त्याची राजधानी म्हणजे आजचं बसवकल्याण, परभणीच्या दक्षिणेला सरळ रेषेत दीडशेएक किलोमीटरवर. या ग्रंथातल्या मल्लविनोदात मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार आणि त्यांचे श्रम वर्णिले आहेत. वजन उचलण्याचा, चालण्याचा, पाण्यात पोहण्याचा असे ते श्रम, आणि त्यातच खांबावरचा स्तंभश्रम. त्याहून कितीतरी जुन्या सुश्रुतसंहितेत निखळलेल्या सांध्याचे सहा आणि मोडलेल्या हाडाचे बारा प्रकार आहेत. ओढणे, दाबणे, जुळवणे आणि बांधणे असा उपचाराचा क्रम त्यात आहे, आणि आधाराला वड, उंबर, पळस, बांबू यांच्या साली-कामट्या सांगितल्या आहेत. व्यायामाबद्दल सुश्रुताचं म्हणणं आजच्या प्रत्येक मैदानावर लिहून लावावं असं आहे: आपल्या ताकदीच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करावा.

मल्ल आणि हाडवैद्य एकाच घरात असल्याची उदाहरणं पुढेही सापडतात. मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांपैकी काही बडोद्याला गायकवाडांच्या आश्रयाला होते आणि त्यांचे जातभाई म्हैसूरला जेट्टी म्हणून ओळखले जात. हाडं बसवण्यात त्यांची ख्याती कुस्तीइतकीच होती.

पेशवाईच्या अखेरची एक कथा निजामाच्या मुलखाला, म्हणजे तेव्हाच्या आपल्या मुलखाला, जोडलेली आहे. अली आणि गुलाब हे हैदराबादचे दोन पहलवान पुण्यात येऊन दुसऱ्या बाजीरावापुढे आव्हान देतात, कुणी पुढे येत नाही, आणि कोवळ्या वयाचा बाळंभटदादा देवधर ते उचलतो. मुदत मागून तो सप्तशृंगीला जातो, मारुतीच्या कृपेने त्याला लाकडी खांबावरच्या उड्या सुचतात, आणि परत येऊन तो गुलाबला चीत करतो. कथेतली कृपा बाजूला ठेवली तरी खांब उरतोच. मल्लखांब हा प्रतिस्पर्धी नसताना करायचा कुस्तीचा सराव आहे. एरंडेल लावलेल्या, जमिनीवर अडीचेक मीटर उंच लाकडाला अढी घालून, डोकं खाली नेऊन, पाठ मागे वाकवून पुन्हा वर यायचं. मणक्याच्या प्रत्येक जोडाला पुढे, मागे, बाजूला आणि पिळून हलवायला लावणारं याच्याइतकं नेमकं साधन मला दुसरं ठाऊक नाही. दुसऱ्याच्या हाताने पाठ मोकळी करून घेण्याऐवजी खेळाडू ती स्वतःच्या जोरावर करतो, आणि करता करता ती पेलण्याची ताकदही कमावतो.

या परंपरेचं सगळ्यात तेजस्वी घर बडोद्यात उभं राहिलं. गजानन यशवंत तांबे, म्हणजे राजरत्न प्रोफेसर माणिकराव, हे उस्ताद जुम्मादादांचे शागीर्द. एका हिंदू शिष्याने आपल्या मुसलमान गुरूचं नाव व्यायाममंदिराला दिलं आणि ते देशभर नेलं. माणिकरावांनी संघव्यायामाची कवायत बसवली, शस्त्रं शिकवली, आणि हाडं बसवण्यातही ते नावाजलेले होते. १९०७ ते १९१० या काळात त्यांच्या हाताखाली शिकलेला एक तरुण पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्ध झाला. त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे उपकरणं लावून तपासायला घेतलं. तालमीतली विद्या प्रयोगशाळेच्या दारात गेली ती अशी.

इकडे हे चालू असताना अमेरिकेत तिचं वेगळं कूळ सुरू झालेलं होतं. युरोपातही खेडोपाडी हाडं बसवणारे होतेच. १८६७ साली लंडनचे नामवंत शल्यवैद्य जेम्स पॅजेट यांनी एका व्याख्यानात डॉक्टरांना सुनावलं होतं की आपल्याला न जमलेले रोगी हे लोक बरे करतात, तेव्हा त्यांच्याकडून चांगलं ते शिकून घ्या. अमेरिकेत डॅनियल डेव्हिड पामर याने १८ सप्टेंबर १८९५ रोजी आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टमध्ये हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा एक मणका झटका देऊन बसवला आणि त्याचा बहिरेपणा गेला, असा दावा केला. त्यातून निघालं ते कायरोप्रॅक्टिक. सरकलेले मणके मज्जातंतू अडवतात आणि त्यातूनच बहुतेक रोग होतात, हे पामरचं मत शरीरशास्त्राला टिकलं नाही. परवान्याशिवाय उपचार केल्याबद्दल १९०६ साली तो तुरुंगातही गेला. तरी पंथ टिकला, कारण दुखऱ्या पाठीला त्या हाताने खरंच बरं वाटत होतं. कॅन्सस राज्याने १९१३ साली त्याला कायद्याने मान्यता दिली, आणि १९८० च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकला अमेरिकी पथकासोबत अधिकृत कायरोप्रॅक्टर गेला.

खेळाडूला या हाताचा उपयोग किती? कंबरदुखी काही काळ कमी होते, मान-पाठीच्या हालचालीचा आवाका काही काळ वाढतो, इथपर्यंत संशोधन साथ देतं. त्याने वेग वाढतो, उडी वाढते, फेक लांब जाते, असं ठामपणे म्हणावं इतका पुरावा नाही. कट् हा आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांधा झटकन ताणला की आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, हे २०१५ साली कॅनडातल्या संशोधकांनी एमआरआयमध्ये बोटाचा सांधा ओढताना पाहिलं. म्हणूनच तोच सांधा लगेच पुन्हा वाजत नाही, साधारण वीस मिनिटं जावी लागतात. मानेला दिलेला झटका तर क्वचित का होईना, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं अस्तर फाडतो आणि पक्षाघात होऊ शकतो. मला या सगळ्यात तालमीची एक गोष्ट मोठी वाटते: हात लावणारा आणि दुसऱ्या दिवशी मेहनत करून घेणारा माणूस तिथे एकच होता. मोकळा झालेला सांधा लगेच कामाला जुंपला जाई, आणि तो नीट चालतो की नाही याचा जाब त्याच माणसाला द्यावा लागे. टेबलावर झोपवून कट् करून सोडण्यात हा धागा तुटतो.

जुन्या हाडवैद्यांची बाजू मी आंधळेपणाने घेणार नाही. मोडलेल्या हाडावर कामट्या करकचून आवळल्याने रक्त थांबलं, हात काळा पडला आणि शेवटी कापावा लागला, असे रोगी अस्थितज्ज्ञांनी वारंवार पाहिले आहेत. एक्स-रेशिवाय हाड मोडलंय की सांधा निखळलाय हे अंदाजाने ठरवायचे दिवस गेले. ही उणीव भरून काढणारी विद्या आपल्याकडे पोलिओच्या साथींमुळे आली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीची शाळा निघाली. हाताचा उपचार आणि व्यायाम तिथे पुन्हा एका माणसाकडे आले. कायरोप्रॅक्टिकला भारतात अजून स्वतंत्र परिषद नाही. फिजिओथेरपी मात्र २०२१ च्या केंद्रीय कायद्यात आहे.

परभणीत खेळ कमी नाही. याच जिल्ह्यातल्या ज्योती गवते यांनी २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला. हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती, आणि तिथल्या दसऱ्याच्या फडाला इथले मल्ल जात आले. पण आज पहाटे सगळ्यात जास्त पळतात ती पोलीस भरतीची मुलंमुली. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. डांबरी रस्ता, झिजलेले बूट, आणि भरतीची जाहिरात आली की एकदम दुप्पट केलेलं अंतर. नडग्या दुखतात, मांडीची शीर ओढते, गोळा फेकताना कंबर धरते. मग मोबाइलवर मान मोडणाऱ्याचा व्हिडिओ बघून मित्र मित्राची मान फिरवतो.

ही मुलं कुणाच्या तरी नजरेखाली पळायला हवीत. शाळेचे क्रीडाशिक्षक, भरतीच्या ग्राउंडवरचे माजी सैनिक, तालमीचे वस्ताद यांना निदान तीन गोष्टी ठाऊक असाव्यात. कंबरदुखीबरोबर पायाला मुंग्या येत असतील, पाय लुळा पडत असेल किंवा लघवीवरचा ताबा गेला असेल, तर पायाळू नको, पहलवान नको, त्याच तासाला रुग्णालय. मानेला झटका कुणीही द्यायचा नाही. आणि नडगी पूर्ण लांबीत ठणकत असेल तर अंतर कमी करून मातीवर पळवायचं, पण मुलाने एका बोटाने एकच जागा दाखवली आणि तिथे दाबल्यावर तो कळवळला, तर ते हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो. अशा नडगीला तेलाचा हात लावायचा नाही, फोटो काढून घ्यायचा आणि त्या मुलाचं पळणं त्या दिवसापासून थांबवायचं.