हर्नियाचं ऑपरेशन

इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या घरात जुन्या गोष्टींना कधी तोटा नव्हता. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रजांना १ कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजानं, १०१ वर्षांसाठी. हे आकडे काका आजही घडाघडा सांगतात. त्याच छोट्या लाईनवरची गाडी महूला जाताना आमच्या स्टेशनात थांबायची, त्यामुळे गोष्टीला पुरावा दारातच होता. होळकरांच्या चाकरीत कोण केव्हा आलं, १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झालं तेव्हा कोणाची पेन्शन अडकली, सगळं तोंडपाठ. आजोबा कशानं गेले, असं विचारलं की मात्र एकच उत्तर: ‘वातानं.’

वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला, तेव्हा काका पहिल्यांदा सविस्तर बोलले. ‘तुझे आजोबा रात्री चार-चारदा उठायचे. म्हातारपण म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मग कंबर धरली. आई एरंडाच्या पानांनी शेकायची. कंबरेचं झालं, मग पायातलं बळ गेलं. शेवटी हर्नियाचं ऑपरेशन केलं.’ काका जरा थांबले. ‘हर्निया नव्हता रे. गावात तसं सांगितलं.’

पुढचं मी वाचून समजून घेतलं. हा कर्करोग पुरुषी संप्रेरकांवर पोसतो आणि वृषण काढले की मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आजोबांचा आजार मणक्यापर्यंत पोचला, त्या काळात हाच मोठा उपचार होता. म्हणजे डॉक्टरांना रोग ठाऊक होता, घरातल्या थोरल्यांनाही ठाऊक होता. त्याचं नाव तेवढं घरच्या इतिहासात आलं नाही.

माझा चुलतभाऊ लंडनला असतो. वडिलांचं कळल्यावर तो तिथल्या डॉक्टरांकडे गेला. इंग्लंडमधल्या नोंदींवरून काढलेला हिशेब त्यानं मला सांगितला: आयुष्यात हा रोग निघण्याची शक्यता गोऱ्या पुरुषांत आठात एक, आपल्यासारख्या आशियाई पुरुषांत तेरात एक, आणि कृष्णवर्णीय पुरुषांत चारात एक. पण एकदा रोग निघाला की त्यानं मरणाऱ्यांचं प्रमाण तिन्ही गटांत साधारण सारखंच, तिघांत एक. आपल्याला तो कमी होतो, म्हणून सौम्य होतो असं नाही.

अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुष या रोगानं गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात मरतात. काही भाग आनुवंशिकतेचा आहे. आठव्या गुणसूत्रावरचे धोका वाढवणारे काही बदल पश्चिम आफ्रिकी वंशात जास्त आढळतात. पण माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळांत, जिथे सगळ्यांना उपचार सारखे मिळतात, तिथे ही दरी बरीचशी मिटते. म्हणजे उरलेलं रक्तात नाही, व्यवस्थेत आहे. टस्कीगीला १९३२ पासून १९७२ पर्यंत कृष्णवर्णीय रुग्णांचा उपदंश उपचार न करता नुसता पाहत बसलेल्या सरकारी डॉक्टरांची आठवण तिथल्या आजोबांनी नातवंडांना सांगितलेली असते. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक आणि ग्वादलूप बेटांवर केळीच्या बागांत १९९३ पर्यंत क्लोरडेकोन हे कीटकनाशक वापरलं गेलं. ते मातीत अजून आहे आणि तिथल्या पुरुषांत हा कर्करोग फार आहे. अमेरिकेतल्या आणि बेटांवरच्या या लोकांनी निदान मोजमाप मागितलं. न्हाव्याच्या दुकानात, चर्चमध्ये, पुरुषांनी पुरुषांशी हा विषय काढायला सुरुवात केली.

आमच्याकडे हाच रोग पुष्कळदा हाडांत उतरल्यावर सापडतो, कारण रात्रीचं उठणं ‘वयाचं’ आणि कंबर ‘वाताची’ असते. वडील किंवा भावाला हा रोग असेल तर धोका साधारण दुप्पट होतो. पण असेल हे कळायचं कसं? आत्याच्या छातीत गाठ होती, हेही मला त्याच आठवड्यात कळलं. बीआरसीए-२ नावाच्या जनुकातला दोष बाईच्या स्तनात आणि पुरुषाच्या प्रोस्टेटमध्ये, दोन्हीकडे उमटू शकतो. आमच्यात तसंच होतं असं मी म्हणत नाही. पण आत्याची गाठ स्वयंपाकघरात आणि आजोबांचं ऑपरेशन ओसरीवर अशा दोन वेगळ्या कुजबुजी राहिल्या, तर त्या जोडून पाहणार कोण?

म्हणून गणपतीत भावंडं जमली की मी विषय काढतो. कोण, कितव्या वर्षी, कशानं, हे लिहून घेतो. पीएसए ही रक्ततपासणी सरसकट सगळ्यांनी करावी असं नाही. प्रोस्टेट नुसती वाढली किंवा जंतुसंसर्ग झाला तरी तो आकडा चढतो. पण घरात रोग असेल तर पंचेचाळिशीत डॉक्टरांशी बोलावं, एवढं नक्की. थोरले भाऊ अजून पंखा जोरात करा म्हणून विषय बदलतात. काकांनी मात्र परवा आपणहून त्यांच्या मामांचं सांगितलं, वयासकट. पुतण्यांची पंचेचाळिशी लांब आहे. ‘घरात कोणाला होतं का?’ असं एखादा डॉक्टर त्यांना विचारेल, तेव्हा त्यांच्याकडे उत्तर असेल.