एका ओळीची किंमत

मंडळी, दोन ओळींचा कोड एका ओळीत बसवायचा, या वादातून पायथॉनचा जन्मदाता पायउतार झाला! गोष्ट २०१८ ची. प्रस्ताव होता := या चिन्हाचा. इफ किंवा व्हाइलच्या अटीतच व्हेरिएबलला किंमत द्यायची. चिन्ह आडवं बघा, वॉलरसचे डोळे आणि सुळे दिसतील. म्हणून नाव वॉलरस ऑपरेटर.

विरोधक म्हणाले, कोड आखूड होईल, पण वाचणारा अडखळेल. गंमत म्हणजे, १९९९ मध्ये ‘झेन ऑफ पायथॉन’ लिहून साधेपणाचा आग्रह धरणारे टिम पीटर्सच प्रस्तावाचे सहलेखक! गिडो व्हॅन रॉसम यांनी मंजुरी दिली आणि वादाला कंटाळून १२ जुलैला नेतृत्व सोडलं. २०१९ मध्ये कारभार पाच जणांच्या निवडून आलेल्या मंडळाकडे गेला. त्याच वर्षी पायथॉन ३.८ मध्ये वॉलरसही आला.

तेव्हा ओळ वाचवताना एवढंच बघा: पुढचा वाचणारा तिथे थबकतोय का?