ऑल्ट्रिंगम, बोडन व हेल

इंग्लंडच्या वायव्य भागात, मँचेस्टर शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे १३ किमी.वर असलेला धनिक उपनगरांचा समूह. ऑल्ट्रिंगम हे जुने बाजारगाव, त्याला लागूनच्या टेकडीवरील बोडन आणि बोलिन नदीच्या खोऱ्याकडे पसरलेल्या हेल व हेल बार्न्स या वस्त्या त्यात येतात. हा परिसर पूर्वी चेशर परगण्यात मोडत असे. १९७४ च्या फेररचनेत तो ट्रॅफर्ड या नव्या बरोमध्ये, म्हणजे स्वतंत्र परिषद असलेल्या स्थानिक प्रशासकीय विभागात, व पर्यायाने ग्रेटर मँचेस्टर परगण्यात गेला. तरीही पत्त्यात चेशर लिहिण्याचा परिपाठ अनेक रहिवाशांनी सोडलेला नाही, आणि त्यामागे निव्वळ सवय आहे असे मानणे कठीण आहे.

ऑल्ट्रिंगमला बाजाराची सनद १२९० मध्ये मिळाली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिजवॉटर कालवा येथवर आल्यावर आसपासच्या मळ्यांतील भाजीपाला होड्यांतून मँचेस्टरला जाऊ लागला. ‘ऑल्ट्रिंगम’ हे गाजराच्या एका वाणाचे नाव त्याच काळाची आठवण देते. खरे स्थित्यंतर घडले ते मात्र १८४९ मध्ये सुरू झालेल्या मँचेस्टर–ऑल्ट्रिंगम लोहमार्गामुळे. मँचेस्टरच्या गिरण्यांचा धूर पश्चिमेकडील वाऱ्यांबरोबर बहुधा ईशान्येकडे वाहून जाई. त्यामुळे नैर्ऋत्येची उंच, कोरडी जमीन कापूस व कापडाच्या व्यापाऱ्यांना मानवली, आणि सकाळी पेढीवर जाऊन संध्याकाळी स्वच्छ हवेत परतणे त्यांना शक्य झाले. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाल्यावर ज्या लँकाशरने, म्हणजे मँचेस्टरभोवतालच्या कापडगिरण्यांच्या परगण्याने, मुंबईच्या कापसाकडे धाव घेतली, त्याच लँकाशरच्या उद्योगातून आलेला पैसा येथील बंगल्यांत उतरला होता.

या वाढीला शिस्त लावली ती जमीनदाराने. डनम मॅसी येथील वाड्यात राहणाऱ्या स्टॅमफर्डच्या अर्ल घराण्याकडे येथील पुष्कळशी जमीन होती, आणि ती भाडेपट्ट्याने देताना घर कसे व किती किमतीचे असावे याच्या अटी घातल्या जात. फिकट पांढरट विटांची प्रशस्त घरे, उंच कुंपणभिंती आणि दाट झाडी हे बोडनचे रूप त्यातून आले. मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदाचे संचालक हान्स रिश्टर हे येथील एक प्रसिद्ध रहिवासी. हेलची वाढ १८६२ मध्ये तेथे रेल्वेस्थानक झाल्यानंतरची. एडगर वुड या वास्तुशास्त्रज्ञाने १९१४–१६ मध्ये तेथे स्वतःसाठी बांधलेले रॉइड हाउस, सपाट काँक्रीटचे छप्पर व आत वळलेला दर्शनी भाग यांमुळे, ब्रिटनमधील आधुनिक वास्तुशैलीच्या आरंभीच्या नमुन्यांत गणले जाते.

श्रीमंतीचे हे चित्र एकसंध मात्र कधीच नव्हते. बंगल्यांना मोलकरणी, माळी व धोबिणी लागत, आणि राबणाऱ्यांची घरे खालच्या अंगाला दाटीने उभी होती. त्यांपैकी चॅपल स्ट्रीट या सुमारे ६० घरांच्या गल्लीतून पहिल्या महायुद्धात १६१ पुरुष स्वेच्छेने सैन्यात गेले, आणि पाचव्या जॉर्ज राजाने तिला इंग्लंडमधील सर्वांत शूर छोटी गल्ली म्हणून गौरविले. पुढे ती गल्ली पाडण्यात आली. कारखानेही होते, पण ते उत्तरेला कालव्याकाठच्या ब्रॉडहीथमध्ये, बंगल्यांपासून दूर ठेवलेले.

लोहमार्गाचे विद्युतीकरण १९३१ मध्ये झाले व १९९२ पासून त्याच मार्गावर मेट्रोलिंक ही हलकी रेल्वे धावते. १९३८ मध्ये रिंगवे येथे सुरू झालेला मँचेस्टरचा विमानतळ हेल बार्न्सपासून जवळच आहे; त्यामुळे व्यापाऱ्यांच्या जागी आलेल्या उद्योजक, व्यावसायिक व फुटबॉलपटूंची सोय झाली, विमानांचा आवाज मात्र श्रीमंतांनाही टाळता आला नाही. ट्रॅफर्डमध्ये अकराव्या वर्षीच्या प्रवेशपरीक्षेवर आधारलेल्या सरकारी ग्रामर शाळा अद्याप टिकून आहेत, आणि त्यांच्या आसपास घर मिळवण्याची पालकांची धडपड येथील घरांच्या किमती चढ्या ठेवण्यास बंगल्यांच्या वैभवाइतकीच कारणीभूत आहे. १९९८ मध्ये ट्रॅफर्ड सेंटर हे अवाढव्य खरेदी-संकुल उघडल्यानंतर ऑल्ट्रिंगममधील अनेक दुकाने ओस पडली होती. २०१४ मध्ये जुन्या बाजार-इमारतीत खाद्यपदार्थांचे गाळे सुरू झाल्यापासून तेथे पुन्हा वर्दळ वाढली आहे.