अल गोर यांचं श्रेय आणि वॉरेन काउंटीचा रस्ता



दोन महिन्यांपूर्वी आमच्या युवा शिबिरात रात्रीच्या सत्राला आम्ही अल गोर यांचा 'ॲन इन्कन्व्हिनियंट ट्रूथ' हा माहितीपट दाखवला. दिवे लागले आणि इंजिनिअरिंगला असलेल्या एका पोरानं पहिलाच प्रश्न टाकला, "दादा, या माणसाला एवढं सगळं कळत होतं, तर आठ वर्षं उपराष्ट्राध्यक्ष असताना हा करत काय होता?" मागून एक ताई लगेच म्हणाल्या, "निदान बोलला तरी. आपले कुठं बोलतात?" मग रात्री एक वाजेपर्यंत वाद. मी दोन्ही बाजूंना थोडं थोडं बरोबर म्हणत वेळ मारून नेली. ते मनाला लागून राहिलं, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

माजी नेत्याला श्रेय द्यायचं की नाही, हे ठरवायला माप लागतं. ते माप आपल्या घरात आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीला बाबासाहेबांनी भाषण केलं. तिथे त्यांनी मुळातच प्रश्न उपस्थित केला की, मोठा माणूस म्हणायचं कुणाला? प्रामाणिकपणा हवा, बुद्धी हवी, पण तेवढ्यानं भागत नाही. समाजहिताचा हेतू त्याला आतून ढकलत असला पाहिजे, आणि समाजावर आसूड ओढायची व समाजातली घाण उपसायची त्याची तयारी पाहिजे. नामवंत माणूस वेगळा आणि थोर माणूस वेगळा, हा फरक बाबासाहेबांनी तिथे केला. आपण हे भाषण गांधी-जिनांवरच्या टीकेसाठी वाचतो आणि हा भाग सोडून देतो.

आता या मापाने गोर मोजू.

प्रामाणिकपणा आणि बुद्धी या दोन्ही परीक्षांत ते पास होतात, यात मला शंका नाही. हार्वर्डला शिकताना रॉजर रेव्हेल हे शास्त्रज्ञ त्यांचे प्राध्यापक होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं मोजत राहायला हवा, असा आग्रह धरणाऱ्या पहिल्या फळीतले हे गृहस्थ. १९७७ ला गोर टेनेसीतून खासदार झाले आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्यांनी या विषयावर संसदेत सुनावण्या घेतल्या. तेव्हा यात मत नव्हतं, पैसा नव्हता, प्रसिद्धी नव्हती. मे १९८९ मध्ये तर त्यांच्या उपसमितीसमोर नासाचे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी सांगितलं की, आपल्या लेखी साक्षीतला मजकूर सरकारनेच बदलायला लावला. बुश सरकारची ती लबाडी चव्हाट्यावर आली. विरोधी बाकावर बसून करण्यासारखं जे काम असतं, ते या माणसानं केलं. त्याचं श्रेय नाकारणं हा कोतेपणा होईल.

पण १९९३ ला खुर्ची मिळाली.

त्याच वर्षी क्लिंटन-गोर सरकारने इंधनातल्या ऊर्जेवर कर लावायचा प्रस्ताव आणला. सिनेटमध्ये तो त्यांच्याच पक्षाच्या मंडळींच्या विरोधामुळे पडला आणि शेवटी पेट्रोलवर गॅलनमागे ४.३ सेंट वाढवून प्रकरण मिटवलं गेलं. १९९७ च्या जुलैत सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला की, विकसनशील देशांना बंधन नसलेला करार आम्हाला चालणार नाही. सोप्या भाषेत, दीडशे वर्षं धूर आम्ही काढला तरी भारत-चीन सुटता कामा नयेत. डिसेंबरात क्योटोची बोलणी अडली, तेव्हा गोर स्वतः विमानाने तिथे गेले, आपल्या शिष्टमंडळाला लवचीक व्हायला सांगितलं आणि करार झाला. अमेरिकेने १९९० च्या पातळीपेक्षा ७ टक्के कमी उत्सर्जन करायचं मान्य केलं. पुढच्या वर्षी सही झाली. आणि तो कागद सिनेटसमोर मंजुरीला कधीच ठेवला गेला नाही! २००१ च्या मार्चमध्ये धाकट्या बुशनी तो सरळ झुगारून दिला.

इथे गोरचे समर्थक म्हणतात की, करार मंजूर व्हायला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात, ९५ जण विरोधात असताना एकटा उपराष्ट्राध्यक्ष काय करणार? हा मुद्दा खोटा नाही. त्या ९५ मध्ये त्यांच्या पक्षाचे लोकही होते. ठरावाचे एक प्रस्तावक रॉबर्ट बर्ड हे वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसापट्ट्यातले त्यांचेच सहकारी. पण हरायची लढाईही लढता येते. हिंदू कोड बिल पडणार हे दिसत असताना बाबासाहेबांनी कलमागून कलम सभागृहात झगडून मांडलं, आणि सरकारनेच कच खाल्ली तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. लोक म्हणतील, तुलना मोठी आहे. असू दे की. जगाचं भवितव्य आपल्याला कळलंय असं सांगणाऱ्या माणसाची तुलना मोठ्याशीच व्हायला हवी.

तरीही क्योटोपेक्षा मला दुसरं एक प्रकरण जास्त खुपतं, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९७८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात काही लोकांनी रात्रीच्या वेळी टँकरमधून पीसीबी मिसळलेलं तेल रस्त्यांच्या कडेनं सोडून दिलं. सुमारे २४० मैल रस्ता विषारी झाला. ती माती खरवडून कुठे पुरायची? सरकारने जागा निवडली वॉरेन काउंटीतली, ॲफ्टन या वस्तीजवळ. बहुसंख्य लोक काळे, गरीब, पिण्याचं पाणी विहिरींचं आणि भूजल अगदी वर. सप्टेंबर १९८२ मध्ये मातीचे ट्रक यायला लागले, तेव्हा बायाबापडे, पोरंसोरं, चर्चचे पाद्री रस्त्यावर आडवे झोपले. सुमारे सहा आठवडे हे चाललं, पाचशेहून जास्त लोकांना अटक झाली. ट्रक थांबले नाहीत, विष तिथेच पुरलं गेलं.

पण त्या रस्त्यावरून एक प्रश्न उठला, तो कुणाला परत पुरता आला नाही. १९८३ ला अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने दक्षिणेतल्या आठ राज्यांत तपासणी केली. घातक कचऱ्याच्या चार मोठ्या खड्ड्यांपैकी तीन काळ्या बहुसंख्य वस्त्यांत निघाले. १९८७ ला युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टने देशभरचा अभ्यास करून तेच दाखवलं. बेंजामिन चेव्हिस यांनी याला पर्यावरणीय वंशवाद म्हटलं. रॉबर्ट बुलार्ड यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास उभा केला. एमएला असताना मी त्यांचं नाव वाचलं तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांसमोर देवनार आलं. डम्पिंगच्या भिंतीला लागून कोण राहतं, कचरा कोण वेचतं, टीबी कुणाला होतो, हे तुम्हाला मी काय सांगणार! ब्लॅक पँथरकडे पाहून १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपण अभिमानाने सांगतो. वॉरेन काउंटीकडे मात्र आपलं फारसं लक्ष गेलं नाही.

गोर यांचं लक्ष होतं. १९९२ ला त्यांनी सिनेटमध्ये आणि नागरी हक्क चळवळीतले जॉन लुईस यांनी प्रतिनिधिगृहात पर्यावरणीय न्यायाचं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. पुढे ११ फेब्रुवारी १९९४ रोजी क्लिंटन यांनी याच विषयावर कार्यकारी आदेश काढला. प्रत्येक सरकारी खात्याने आपल्या निर्णयाचा गरीब आणि अल्पसंख्य वस्त्यांवर काय परिणाम होतो ते पाहावं, असं त्यात होतं. चांगली गोष्ट. पण त्या आदेशाच्या आधारे नागरिकाला कोर्टात दाद मागता येणार नाही, हेही त्याच आदेशात लिहून ठेवलं. दात काढून सिंह सोडला!

आणि त्याच काळात ओहायोतल्या ईस्ट लिव्हरपूलचं प्रकरण घडलं. कामगारांचं गाव, घातक कचरा जाळण्याची प्रचंड भट्टी आणि जवळच लहान मुलांची शाळा. १९९२ च्या प्रचारात गोर यांनी या भट्टीविरुद्ध आवाज उठवला. निवडून आल्यावर, त्या डिसेंबरात, चौकशी पूर्ण झाल्याशिवाय परवाना मिळणार नाही असं जाहीर केलं. पुढे त्यांचंच सरकार सत्तेत असताना भट्टी पेटली आणि चालू राहिली. क्योटोला ९५ सिनेटर आडवे होते. इथे कोण आडवं होतं? कॅलिफोर्नियातलं एल्क हिल्स हे नौदलाचं तेलक्षेत्रही याच सरकारने ३६५ कोटी डॉलर्सना ऑक्सिडेंटल पेट्रोलियमला विकलं. गोर यांचे वडील सिनेटमधून बाहेर पडल्यावर याच कंपनीच्या कोळसा शाखेचे प्रमुख झाले होते. यात लाचलुचपत झाली असं मी म्हणत नाही. कुणाचा फोन लवकर उचलला जातो, एवढंच म्हणतो.

२००० ची निवडणूक फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी आणि सुप्रीम कोर्टाच्या ५ विरुद्ध ४ निकालाने हातची गेली. गोर माजी झाले आणि त्यांचा आवाज मोकळा झाला. २००६ चा माहितीपट, मग ऑस्कर, मग २००७ चं शांततेचं नोबेल. ते त्यांना एकट्याला मिळालेलं नाही, हे आपल्याकडे विसरलं जातं. अर्धा वाटा राजेंद्र पचौरी अध्यक्ष असलेल्या आयपीसीसीचा, म्हणजे हजारो शास्त्रज्ञांचा होता. त्या माहितीपटाने जगभर लोक जागे झाले, आमच्या शिबिरातली पोरंही झाली. त्यात कतरिना वादळ आहे. पण न्यू ऑर्लिन्समध्ये बुडालेल्यांत काळे इतके का होते, हा प्रश्न त्यात नाही. शेवटी सल्ला काय, तर बल्ब बदला, झाडं लावा. ज्याच्या घरावर पत्रा आहे त्यानं कुठला बल्ब बदलायचा?

तर त्या पोराला माझं उत्तर असं. विरोधात असताना त्यांनी केलेल्या कामाचं श्रेय पूर्ण. माजी झाल्यावरच्या प्रचाराचं श्रेय अर्धं, कारण त्यांनी धोका दाखवला आणि भोगणारा कोण ते झाकलं. सत्तेतल्या आठ वर्षांचं, फार तर क्योटोच्या विमानाच्या तिकिटाएवढं. आणि ताईंनाही सांगतो, ते बोलले हे खरंच. पण पर्यावरणीय न्याय हा शब्द गोर यांच्यापर्यंत पोचला तो ॲफ्टनच्या रस्त्यावर झोपलेल्या बायकांमुळे, आणि त्यांना कुणी नोबेल दिलं नाही. ते लोक वीस वर्षं सरकारच्या मागे लागले. खड्ड्यातली माती शेवटी उपसून निर्विष केली गेली ती २००३ च्या अखेरीस.

पुढच्या शिबिरात माहितीपट पुन्हा दाखवणार आहोत. त्याआधी १९८२ चे वॉरेन काउंटीचे फोटो भिंतीवर लावायचे ठरलंय. प्रिंट काढायचं काम त्या इंजिनिअरिंगवाल्याकडेच दिलंय.